आधी त्यांचं होऊ द्या

१

माझ्या नणंदेचं घरातलं नाव रेडिओ. ती चार वर्षांची असताना तिच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते ठेवलं आणि जन्माचं चिकटलं. ती चित्रकार आहे. ब्रश हातात असला की बोलते, घास तोंडात असला तरी बोलते, आणि दात घासताना निदान बोलायचा प्रयत्न करते. तिच्या स्टुडिओत बसून लिहिणं म्हणजे बँडपथकात बसून पेंगणं, असं मी पूर्वी म्हणायचे. पण नवरा गेल्यापासून घरच्या शांततेत मला एक ओळ धड सुचेना. म्हणून एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात सासूबाई धरून मी रोज सकाळी तिच्याकडे जाऊ लागले.

स्टुडिओ म्हणजे बंद पडलेल्या बटणांच्या कारखान्याचा वरचा मजला. लाकडी जमिनीच्या फटींत अजून बटणं सापडतात. एका बाजूला उंच खिडक्या, मधोमध कॅनव्हास लावायचं ईझल, सगळीकडे टर्पेंटाइन आणि जवसाच्या तेलाचा वास. कोपऱ्यात सासूबाईंची वेताची खुर्ची. त्या विणत बसतात. लेक बोलायला लागली की कानातलं यंत्र काढून पदराच्या टोकाला बांधतात. "बॅटरी वाचते," म्हणतात.

त्या सकाळी रेडिओ खालच्या मजल्यावरच्या सुताराची गोष्ट सांगत होती. सुताराचं लग्न ठरलं, कपडे शिवून झाले, आणि ऐन वेळी लक्षात आलं की नवरीची आई म्हणजे त्याची...

तिथे ती थांबली.

"त्याची कोण?" मी विचारलं.

"तू बोल ना आधी."

"मी कुठे काय बोलतेय?"

"तू काहीतरी म्हणणार होतीस." ती ब्रश हवेत धरून माझ्याकडे बघत होती. "मला तसं वाटलं, म्हणून थांबले."

मी काहीही म्हणणार नव्हते. पण तिच्यासारखी बाई अशा जागी वाक्य अर्धवट सोडते, हे मला तिच्या आजारी पडण्याइतकंच चमत्कारिक वाटलं. ती पुन्हा कॅनव्हासकडे वळली आणि गोष्ट मात्र तशीच राहिली.

२

चित्राबद्दल सांगायला हवं.

आमच्या शहरात एक हॉल आहे. तिथे दर शनिवारी दुपारी कोणीही यावं आणि बोलावं, अशी फार जुनी रीत होती. स्टेज नाही, माइक नाही. भिंतीशी एक लाकडी पायरी, गुडघ्याएवढी. त्यावर चढलं की ती तुमची पाळी. पायरीवरच्या माणसाने श्वास घेतला की त्याचं बोलून होईपर्यंत दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही. तो अडखळला, रडला, नुसता उभा राहिला, तरी थांबायचं. "आधी त्यांचं होऊ द्या," एवढा एकच नियम. लोक सरकारबद्दल बोलत, गटारांबद्दल बोलत, एका गृहस्थांनी तर कित्येक शनिवार फक्त आपल्या शेजाऱ्याच्या कोंबड्याबद्दल भाषण केलं.

माझा नवरा अबोल माणूस. बहिणीने घरातलं सगळं बोलणं वापरून टाकल्यामुळे आपल्या वाट्याला काही उरलं नाही, असं तो म्हणायचा. पण शनिवार चुकवायचा नाही. जाऊन मागच्या बाकावर बसायचा आणि ऐकायचा. एका शनिवारी, का कोण जाणे, तो उठून पायरीवर चढला. त्याने श्वास घेतला, हे त्या दिवशी जिवंत वाचलेल्या सगळ्यांनी मला सांगितलं आहे. त्याच वेळी दारातून गोळ्या सुटल्या. हॉलमधली पुष्कळ माणसं गेली. देशभर दुखवटा पाळला गेला, झेंडे अर्ध्यावर उतरले, टीव्हीवर नुसती सनई आणि मेणबत्त्या.

नंतर एक समिती नेमली गेली. वर्षश्राद्धाच्या दिवशी हॉल पुन्हा उघडायचा आणि पायरीमागच्या भिंतीवर एक मोठं व्यक्तिचित्र लावायचं, असं ठरलं. व्यक्ती मात्र कोणी एक नको, सगळ्या गेलेल्यांची मिळून एक. काम रेडिओला मिळालं. तिने घरोघरी जाऊन फोटो पाहिले. एकाची भुवई घेतली, एकीचा कान, कोणाची हनुवटी. चेहरा बाईचा की पुरुषाचा हेही कळू नये, असा बांधला. पायरीवर उभी असलेली व्यक्ती, छाती भरलेली, ओठ उघडलेले. बोलण्याच्या आधीचा क्षण.

चेहरा खरोखर कोणाचा नव्हता. पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी चष्मा पुसून चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "डावा खांदा सरळ कर आधी. लहानपणापासून सांगतेय."

रेडिओच्या हातातून चिंधी पडली. झुकलेला डावा खांदा माझ्या नवऱ्याचा; पण तिने तो कोणाकडून घेतला नव्हता. तो आपोआप आला होता.

३

थांबणं वाढत गेलं.

सुरुवातीला आम्ही हसत होतो. मी भाजीचं काही सांगायला लागले की मधेच गप्प. रेडिओ म्हणे, "बोल." मी म्हणे, "नको, तुझं होऊ दे." दोघी एकमेकींना वाट देत उभ्या, जिन्यात समोरासमोर आलेल्या दोन सभ्य माणसांसारख्या. मग तो क्षण निघून जाई आणि पुन्हा बोलणं सुरू होई.

कारण काय, ते मी शोधलं. माझा स्वभावच तसा आहे. कोणीतरी बोलणार आहे असं आपल्याला कधी वाटतं? समोरच्याने श्वास घेतला की. म्हणजे खोलीत श्वासासारखा आवाज होत असणार. मी कान दिला तर होता तसा आवाज. छोटासा, आत ओढल्यासारखा, आणि त्याच्यामागून बाहेर सोडल्याचा काही नाही. खिडकीची फट असेल, शेगडीचा पाइप असेल. मी फटीत कागद कोंबले. पाइपाला ओला फडका गुंडाळला. रेडिओ म्हणाली, "वहिनी, तू घर गळतंय म्हणून छत्री उघडून बसणाऱ्यातली आहेस."

आवाजाचा सिद्धांत सासूबाईंनी मोडला. त्या दुपारी त्या आम्हा दोघींना एकदम झोडपत होत्या, चहात साखर कमी म्हणून. यंत्र पदरात बांधलेलं. तशा वेळी त्यांना तोफही ऐकू येत नाही. "एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि चहा म्हणजे नुसतं गरम..." इथवर येऊन त्या थांबल्या. मान थोडी कलली. हातातल्या सुया थांबल्या. अगदी अदबीने, वडीलधारं माणूस बोलायला लागल्यावर थांबावं तशा.

मग त्यांनी सुया पुन्हा चालू केल्या.

"काय झालं, आई?" रेडिओने मोठ्याने विचारलं.

"काही नाही. मला वाटलं, आता बोलतील."

"कोण?"

सासूबाईंनी लेकीकडे असं पाहिलं की जणू तिने दोन अधिक दोन किती ते विचारलं होतं. आणि विणायची सुई ईझलकडे दाखवली.

४

समितीचे अध्यक्ष चित्र बघायला आले. गोलमटोल, हसरे गृहस्थ. खिशात खोकल्याच्या गोळ्या आणि सगळ्यांना वाटायची हौस. जिना चढून दम लागला म्हणून आधी बसले, सासूबाईंना एक गोळी दिली, आणि मग चित्रापुढे उभे राहिले.

"वा," ते म्हणाले. "भुवई तर काय सुंदर. फक्त हे तोंड जरा..." थांबले. वाट पाहिली. "हे तोंड उघडं आहे."

"बोलणाऱ्याचं असतं तसं," रेडिओ म्हणाली.

"तेच ना. उघडं तोंड म्हटलं की लोक विचारणार, काय बोलतायत? आम्ही काय सांगायचं?"

"सांगा, ऐका म्हणून."

"तुमचं ठीक आहे हो, तुम्ही कलावंत. आम्हाला वर उत्तरं द्यावी लागतात." त्यांनी हसत गोळी गालात फिरवली. "बोलण्याच्या स्वातंत्र्याला माझा सलाम आहे, कार्डावरसुद्धा तसं छापलंय. पण हे दुखवट्याचं चित्र. मिटलेल्या ओठांत कसं एक..." पुन्हा थांबले. या वेळी त्यांनी हात पुढे केला आणि मान झुकवून म्हणाले, "नाही नाही, तुम्ही बोला."

हे ते चित्राला म्हणाले होते. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"पायरीचं काय करणार आहात?" मी विचारलं.

"पायरीभोवती दोरी बांधू. मखमली. लोक लांबून नमस्कार करतील." मग आवाज उतरवून म्हणाले, "वहिनी, तुम्ही घरच्या. तुम्ही हो म्हणालात तर प्रश्नच नाही. तोंड मिटलं नाही तर समिती भिंतीवर दुसरं काहीतरी लावेल. गोदामात एक पुष्पगुच्छ तयार आहे. मोठा आहे."

रेडिओ माझ्याकडे बघत होती. मी चित्राकडे बघत होते. माझा नवरा त्या दिवशी काय बोलणार होता, हे मला कधीच कळणार नव्हतं. त्याची सवय करून घ्यायला मी शिकत होते. आणि हे चित्र मात्र रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत आता सांगतं, मग सांगतं, असं उभं होतं.

"मिटा," मी म्हणाले.

५

रेडिओने दुसऱ्या सकाळी ओठ मिटले. काम अर्ध्या तासाचं. ती माझ्याशी बोलत नव्हती, म्हणजे फक्त कामापुरतं बोलत होती, म्हणजे इतर लोक बोलतात तेवढंच. "खालचा थर वाळलाय, वरचा ओला आहे," तिने सांगितलं. "दोन-तीन दिवस हात लावू नका. पुसून जाईल."

चेहरा शांत दिसू लागला, हे खरं. रुबाबदारही. टपाल तिकिटावर शोभला असता.

त्यानंतर आम्ही जेवायला बसलो. मी रेडिओला मीठ मागायला तोंड उघडलं, आणि थांबले. नेहमीसारखं वाटलं की आता तो क्षण जाईल. रेडिओही थांबली होती. सासूबाईंचा घास हातात होता. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. क्षण गेला नाही.

घसा बसला नव्हता. जीभही हलत होती. नुसतं बोलवत नव्हतं. दुसऱ्याच्या बोलण्यात जसं आपल्याला तोंड घालवत नाही, तितक्या साध्या कारणाने. फोन वाजला. मी उचलला. पलीकडून माझी मैत्रीण "हॅलो, हॅलो" करत राहिली, मग म्हणाली, "बाई गं, नेटवर्कला आग लागो," आणि ठेवून दिला. मी हातानेच मिठाची खूण केली. रेडिओने पॅलेटवर बोटाने लिहिलं: मीठ संपलंय. हे बघून मला हसू आलं, पण हसण्याचा आवाजसुद्धा बाहेर आला नाही. तिथे पहिल्यांदा मला भीती वाटली.

मी सासूबाईंना उठवलं आणि आम्ही जिन्यात आलो. दार लोटताच तिघी एकदम बोलायला लागलो.

"वहिनी, त्यांनी श्वास रोखून धरलाय."

"चित्र आहे ते."

"मला माहितेय चित्र आहे. मीच काढलंय."

"हवेत दमटपणा आहे. आपल्या मनावर ताण आहे. हे वर्षच असं..."

"तुझ्या मनावर ताण आहे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी यंत्र कानात घातलं होतं. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "माझ्या मनावर काही नाही. मला फक्त एवढं कळतं, की ज्याला पायरीवर चढवलं त्याचं तोंड बांधलं, तर त्याचं कधी होणारच नाही. मग पुढच्याची पाळी यायची कशी? सगळं गाव उभं राहील असंच, घास हातात धरून."

खालून सुताराने ओरडून विचारलं, भांडण आहे का. रेडिओने ओरडून सांगितलं, नाही, चर्चा आहे.

मी मखमली दोरीचा विचार करत होते. तो हॉल, ते बाक, दर शनिवारी येणारी माणसं, कोंबडेवाले गृहस्थसुद्धा. सगळे येणार, लांबून नमस्कार करणार, आणि एकही जण पुन्हा कधी बोलणार नाही. आणि त्याला होकार मी दिला होता.

"फडकं कुठे आहे?" मी विचारलं.

६

आत गेल्यावर पुन्हा शब्द संपले.

दुपारचं ऊन खोलीभर होतं. सगळं जागच्या जागी होतं आणि त्यामुळेच भयाण वाटत होतं. मी जवळ गेले. दमट हवेत कॅनव्हास सैल पडतो, मधे आत जातो, हे रेडिओनेच मला शिकवलं होतं. हा सैल पडला नव्हता. छातीच्या जागी तो पुढे आला होता, ढोलाच्या कातड्यासारखा ताणलेला. कॅनव्हास ताठ राहावा म्हणून चौकटीच्या कोपऱ्यात लाकडी पाचरी ठोकतात. त्यातली एक माझ्या डोळ्यांदेखत सुटली आणि टक्कन जमिनीवर पडली. मानेवरच्या शिरा फुगलेल्या होत्या. मी रेडिओकडे बघितलं. तिने मान हलवली: मी नाही काढल्या.

मी फडक्यावर टर्पेंटाइन ओतलं आणि ओठांवर ठेवलं.

रंग लगेच निघाला. लाल, मग गुलाबी, मग काहीच नाही. खाली ते उघडे ओठ होते तसेच होते, वाळलेले, पक्के. मी फडकं काढून घ्यायला गेले तर ते आलं नाही. कोणी धरलं नव्हतं. ते आत ओढलं जात होतं, खिडकीच्या फटीवर कागद धरल्यावर चिकटतो तसं, आणि त्या ओढीबरोबर माझ्या बोटांवरून गार हवा आत जात होती. आत, जिथे चौकट आणि मागची भिंत यांच्याशिवाय काही नव्हतं. मी फडकं सोडून दिलं. मग ते पडलं.

कॅनव्हास हळूहळू सपाट झाला.

"...सख्खी आत्या," रेडिओ म्हणाली.

"काय?"

"नवरीची आई म्हणजे सुताराची सख्खी आत्या. लहानपणी हरवलेली. इतके दिवस पोटात दुखत होतं माझ्या." आणि ती खाली बसून रडायला लागली, आणि रडतानाही सुताराबद्दलच बोलत राहिली.

७

चित्र पांढऱ्या कापडात गुंडाळून हॉलवर गेलं. समितीला आम्ही काही सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. मी हो म्हटलं होतं, तेवढं त्यांना पुरेसं होतं.

हॉल भरला होता. गोळ्यांच्या खुणा बुजवून भिंतींना रंग दिला होता. पायरी तीच होती, भोवती मखमली दोरी. बाकांवर गेलेल्यांची माणसं बसली होती, एकमेकांची आता ओळख झालेली. ज्यांची हनुवटी चित्रात होती त्यांची बायको रेडिओला विचारत होती, "चांगली आलीय ना? दाढी करताना नेहमी कापून घ्यायचे तिथे." सासूबाई पुढच्या बाकावर, कानात यंत्र नाही. सरकारी भाषणांना त्या बॅटरी देत नाहीत.

अध्यक्षांनी कापडाची दोरी ओढली. कापड पडलं.

त्यांनी तोंड पाहिलं. ते लाल झाले, आमच्याकडे वळले, काहीतरी कडक बोलण्यासाठी बोट उचललं, आणि थांबले. मागे खुसफुसणारे थांबले. एक बाळ रडत होतं, तेही थांबलं. ते थांबणं बाकांवरून मागे मागे पसरत गेलेलं मला दिसलं. पण आमच्या स्टुडिओतल्यासारखं ते नव्हतं. इथली माणसं ही रीत जाणणारी होती. त्यांनी हात मांडीवर ठेवले, मान थोडी कलती केली आणि ऐकायला बसली.

मी पायरीकडे बघत होते, चित्राकडे नाही. चित्राकडे बघायची छाती झाली नाही. मला आवाज ऐकू आला नाही. एवढंच जाणवलं की इतके दिवस आत गेलेला श्वास आता बाहेर येतोय. ऊबदार, सावकाश, लांबच लांब. हनुवटीवाल्यांची बायको तोंडावर हात ठेवून हसत होती. कोणीतरी मागे "बरोबर," म्हणालं. कोंबडेवाले गृहस्थ चिडून मान हलवत होते, मतभेद असल्यासारखे. आणि सासूबाई, ज्यांना तोफही ऐकू येत नाही, त्या पुढे वाकून अगदी घरच्या आवाजात म्हणाल्या, "अरे, एवढंच होय?"

मग ते झालं. झालं हे सगळ्यांना एकदम कळलं, आणि सगळे एकदम बोलायला लागले. अध्यक्षसुद्धा. पण काय बोलायचं होतं ते विसरून ते सगळ्यांना गोळ्या वाटू लागले.

"आई, काय म्हणाला?" मी सासूबाईंच्या कानाशी ओरडले.

"एवढ्या लोकांत सांगितलं की त्याने. तू कुठे होतीस?" त्यांनी माझा हात थोपटला. "जा आता. एकाचं झालं की दुसऱ्याने चढायचं असतं. पायरी रिकामी ठेवू नये."

लोक माझ्याकडे बघत होते. का, ते मला माहीत नाही. दुसरं कोणीही उठू शकलं असतं. मी मखमली दोरी उचलली, खालून वाकून गेले, पायरीवर चढले. रेडिओ कधी नव्हे ती गप्प होती. माझ्याजवळ बोलण्यासारखं काहीही तयार नव्हतं. मी श्वास घेतला. आणि घेताघेता, टाळत आले होते ते केलं. मागे वळून पाहिलं, एकदाच.

तोंड मिटलेलं होतं. रेडिओने मिटलं होतं तसं नाही. ओठ सैल, सहज, मागच्या बाकावर बसणाऱ्याचे असतात तसे. तिथे कोणीही ब्रश लावला नव्हता, आणि रंग वाळलेला होता.

मी पुन्हा समोर तोंड केलं. हॉल माझी वाट बघत थांबला होता. माझ्या पाठीमागेही कोणीतरी थांबलं होतं.